लिपुलेखची खिंड आणि ब्यांस खोऱ्याचा व्यापार: तीन राजधान्यांच्या निर्णयांचा हिशेब

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात काली नदीच्या अगदी वरच्या अंगाला ब्यांस खोरं आहे. बूदी, गर्ब्यांग, नपलच्यु, गुंजी, नाबी, रोंगकोंग आणि कुटी ही भारताकडची सात गावं. नदीपलीकडे नेपाळात त्याच समाजाची छांगरू आणि तिंकर ही दोन. वर सुमारे १७ हजार फुटांवर लिपुलेखची खिंड, आणि ती उतरलं की तिबेटातली तकलाकोटची बाजारपेठ, म्हणजे आजचं पुरांग. इथले लोक स्वतःला रं म्हणवतात. कुमाऊंत त्यांना शौका म्हणतात, सरकारदप्तरी भोटिया.

१९ ऑगस्ट २०२५ रोजी चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत असताना लिपुलेख, शिपकी ला आणि नथु ला या तीन खिंडींतून सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी नेपाळनं लिपुलेखवर हरकत घेतली. खोऱ्यासाठी हे काही नवं नव्हतं. १९५४ मध्ये करार, १९६२ मध्ये बंद, १९९२ मध्ये सुरू, २०२० मध्ये पुन्हा बंद, असा हा क्रम आहे आणि यातला एकही निर्णय ब्यांसमध्ये झालेला नाही. या प्रकरणात पाहायचं ते एवढंच की खिंड बंद झाल्यावर नेमकं काय मोडतं, आणि ती उघडल्यावर त्यातलं किती परत उभं राहतं.

१९६२ पूर्वीची घडी

या खोऱ्यात शेती, जनावरं, व्यापार आणि विणकाम असे चार वेगळे धंदे नव्हते. ते एकाच वर्षाचे चार भाग होते. उन्हाळ्यात वरच्या गावांत ओगल, फापर (कुट्टूचे दोन प्रकार) आणि जव पिकायचे. जूनपासून बर्फ हटलं की मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर करबच, म्हणजे दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या पिशव्या, लादून कळप खिंडीकडे निघायचे. एका जनावरावर १०-१२ किलो. वर जायचं ते धान्य, गूळ, कापड, तंबाखू. खाली यायचं ते मीठ, टाकणखार आणि लोकर. ऑक्टोबरनंतर सगळं गाव जनावरांसह धारचुला आणि त्याखालच्या उबदार पट्ट्यात उतरायचं. हिवाळाभर मीठ आणि लोकर कुमाऊं आणि नेपाळच्या गावांत विकली जायची. उरलेल्या लोकरीचं बायका सूत कातायच्या आणि थुलमा, चुटका ही जाड पांघरुणं, पंखी नावाची शाल आणि दन नावाचे गालिचे विणायच्या.

मेंढी इथं एकाच वेळी वाहन होती, लोकर होती आणि खालच्या शेतांना खत होती. व्यापार थांबला की वाहतुकीची कमाई जाते, मग कळप फक्त लोकरीवर पोसावा लागतो, आणि लोकरीचा मुख्य पुरवठा तर तिबेटातून येत होता. म्हणून खिंड बंद होण्याचा धक्का व्यापाऱ्याच्या पेढीवर थांबत नाही, तो घरातल्या मागापर्यंत जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे पत, उधारीचा भरवसा. तकलाकोटच्या व्यवहारात प्रत्येक रं घराचा पलीकडे ठरलेला ‘मित्र’ असे आणि हे नातं बापाकडून मुलाकडे जाई. धान्य या हंगामात द्यायचं, लोकर पुढच्या हंगामात घ्यायची, हे त्याच भरवशावर चालायचं. जिथं न्यायालय, बँक, हुंडी काहीच नव्हतं, तिथं हा भरवसा हेच खरं भांडवल होतं.

हा समाज बाजारातल्या बदलांना तोंड द्यायला शिकलेला होता, हेही नोंदवायला हवं. रेल्वेनं समुद्राचं मीठ डोंगरांच्या पायथ्याशी आणलं तेव्हा तिबेटी मिठाची मागणी हळूहळू उतरली. व्यापारी लोकरीकडे वळले, धंदा टिकला. भाव काही वर्षांत उतरला तर माणूस माल बदलतो. खिंड एका हंगामात बंद झाली तर बदलायला काही उरत नाही. सीमाभागाच्या अर्थकारणावर लिहिताना हा फरक फार वेळा सुटतो.

करार, मुदत आणि युद्ध

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटशी व्यापार आणि दळणवळणाचा करार झाला. पंचशील म्हणून लक्षात राहिलेली तत्त्वं त्याच्याच प्रस्तावनेत आहेत. व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी त्यात सहा खिंडी नावानिशी होत्या: शिपकी ला, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. करार आठ वर्षांचा होता. १९५९ नंतर तिबेटातली परिस्थिती बिघडली, पलीकडे बंधनं वाढत गेली, आणि जून १९६२ मध्ये मुदत संपली तेव्हा नूतनीकरण झालं नाही. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं.

लढाई झाली लडाखमध्ये आणि तेव्हाच्या नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात. लिपुलेखच्या या मधल्या पट्ट्यात मोठी लढाई झालीच नाही. तरी खिंड तीस वर्षं बंद राहिली. शेजारी सत्तांचं वैर एका ठिकाणी पेटतं आणि त्याची किंमत शेकडो किलोमीटर दूरचं, भांडणाशी संबंध नसलेलं खोरं देतं.

पडझड ठरावीक क्रमानं झाली. सर्वांत आधी तकलाकोटच्या मित्रांकडे अडकलेली उधारी बुडाली. त्यानंतर कळप विकले गेले, कारण इतकी जनावरं पोसायला वाहतुकीचं उत्पन्नच उरलं नाही आणि कुरणांवर वनखात्याचे निर्बंधही वाढत होते. तिबेटी लोकर थांबल्यावर माग बाहेरच्या धाग्यावर आले, नाहीतर बंद पडले. शेवटी माणसं खाली स्थिरावली. आधी फक्त हिवाळ्यात धारचुल्यात राहणारी घरं बारमाही तिथंच राहू लागली आणि वरच्या शेतजमिनी पडीक झाल्या.

याच काळात राज्ययंत्रणा मात्र खोऱ्याच्या जवळ आली. २४ फेब्रुवारी १९६० रोजी अलमोड्यातून पिथौरागढ वेगळा जिल्हा झाला, ऑक्टोबर १९६२ मध्ये भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभं राहिलं, १९६७ मध्ये भोटिया समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शिक्षण आणि आरक्षणाच्या बळावर रं समाजातून अनेक जण सरकारी सेवांत, अगदी वरच्या पदांपर्यंत गेले. समाज वर आला हे खरं आणि मोठं आहे. पण माणसांची भरभराट आणि प्रदेशाची भरभराट एकच नसते. पगार दिल्लीत, लखनौत, नंतर देहरादूनमध्ये मिळाला, आणि गर्ब्यांगसारख्या कोरीव दारं-खिडक्यांच्या जुन्या व्यापारी गावातली घरं बंद पडत गेली. गर्ब्यांगची जमीनही खचते आहे, त्याचा दोष सीमेला देता येणार नाही.

१९९२: खिंड उघडली, पण कशी?

डिसेंबर १९९१ मध्ये चीनचे पंतप्रधान ली पंग दिल्लीत आले तेव्हा सीमाव्यापाराचा सामंजस्य करार झाला आणि जुलै १९९२ मध्ये लिपुलेख उघडली. तिन्ही खिंडींत ती पहिली. शिपकी ला १९९४ मध्ये, नथु ला ६ जुलै २००६ रोजी सुरू झाली. भारताकडची बाजारपेठ म्हणून गुंजी ठरलं, पलीकडची तकलाकोट.

२०१९ पर्यंत एका व्यापाऱ्याचा हंगाम असा जायचा. एप्रिल-मेमध्ये धारचुला, पिथौरागढ, हल्द्वानी, टनकपूर इथून माल घ्यायचा. गूळ, खडीसाखर, तंबाखू, कॉफी, कापड, किरकोळ किराणा. बहुतेक खरेदी उधारीवर. त्याच सुमारास व्यापार पाससाठी अर्ज करायचा आणि स्थानिक रहिवास, ओळख आणि सोबतच्या मदतनीसांची नावं लावायची. जूनमध्ये गुंजीत हंगामी कस्टम ठाणं आणि बँकेची हंगामी शाखा उघडायची. तिथं मालाची यादी आणि वजन नोंदवून पुढं कालापानी आणि नाभीढांग. खिंड पहाटे ओलांडायची, कारण दिवस चढला की वारा उभं राहू देत नाही. पलीकडे गाडीनं तकलाकोट. तिथं भाड्याची खोली किंवा गाळा घ्यायचा, माल विकायचा, परतीला लोकर, जाकिटं, बूट, रजया घ्यायच्या आणि ऑक्टोबरात खाली यायचं. विक्रीचा पहिला मोठा दिवस म्हणजे नोव्हेंबरातली जौलजीबीची जत्रा, काली आणि गोरी नद्यांच्या संगमावर भरणारी. मग हिवाळाभर धारचुला आणि जानेवारीत बागेश्वरची उत्तरायणी.

म्हणजे मे महिन्यात उसने घेतलेले पैसे नोव्हेंबर ते जानेवारीत मोकळे होतात. भांडवल वर्षात एकदाच फिरतं, कोरडवाहू शेतकऱ्याच्या खरिपासारखं. हंगाम मध्येच तुटला की खर्च पूर्ण होतो आणि येणं शून्य. या व्यापारात नफ्याचा दर कितीही चांगला दिसला तरी एका बुडीत हंगामात दोन-तीन वर्षांची बचत जाऊ शकते, म्हणून तरुण माणूस यात पैसा घालायला कचरतो.

रस्ता होण्याआधी वाहतुकीचाच खर्च जबर होता. मोटार तवाघाटच्या पुढं थोडी जायची. तिथून लखनपूर, मालपा, बूदी, छियालेखची खडी चढण, गर्ब्यांग, गुंजी, अशी कित्येक दिवसांची वाट. एका खेचरावर ६०-७० किलो धरले तर एक टन मालाला पंधरा-सोळा खेचरं लागतात, वर त्यांचा दाणा आणि हाकणाऱ्याची मजुरी. याच वाटेवर ऑगस्ट १९९८ मध्ये मालपाला डोंगर कोसळून दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत कैलास-मानसरोवरचे ६० यात्रेकरू होते. दरडींचा मोसम जुलै-ऑगस्टचा, आणि व्यापाराचा भर हंगामही तोच.

तरी वाहतूक ही मुख्य अडचण नव्हती. मुख्य अडचण नियमांच्या बांधणीत होती. सीमाव्यापार ठरावीक वस्तूंच्या यादीवर चालतो आणि या यादीत जुन्या कारवानांचा काळ गोठलेला आहे. आयातीत बकऱ्याची आणि मेंढीची कातडी, लोकर, याकची शेपटी, याकचे केस, टाकणखार, मीठ, लोणी, घोडे, बकऱ्या, मेंढ्या. निर्यातीत शेतीची अवजारं, घोंगड्या, तांब्याच्या वस्तू, जव, तांदूळ, पीठ. तकलाकोटला आता चीनच्या महामार्गानं ट्रक भरभरून धान्य येतं. तिथल्या माणसाला भारतातून जव नको असतो, गूळ आणि खडीसाखर हवी असते. आणि धारचुल्याच्या गिऱ्हाइकाला हवं असतं ते चिनी जाकीट आणि बूट, याकची शेपटी नाही. गूळ आणि खडीसाखर निर्यातीच्या यादीत आहेत, पण यादीत जे ठळक आहे त्यातल्या बऱ्याचशाला आता मागणी नाही.

जिवंत जनावरांचंही तसंच. यादीत मेंढ्या-बकऱ्या आहेत, पण जनावर आणायचं तर पशुवैद्यकीय तपासणी आणि काही दिवस वेगळं ठेवण्याची जागा लागते. साडेदहा हजार फुटांवरच्या चार-पाच महिन्यांच्या ठाण्यासाठी ही सोय उभी करायला दिल्लीतून कुणी पुढाकार घेत नाही. कळप पुन्हा उभे करायची सर्वांत सरळ वाट कागदावर उघडी, प्रत्यक्षात बंद.

चलनाचा प्रश्न याहून टोचणारा. छोट्या व्यापाऱ्याला बँकेमार्फत युआन मिळवणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे व्यवहार वस्तुविनिमयाच्या अंगानं होतो. मग रोख शिल्लक उरत नाही, माल उरतो. न विकला गेलेला गूळ आणि कापड परत खिंडीवर चढवण्यापेक्षा तकलाकोटच्या भाड्याच्या खोलीत कुलूप लावून पुढच्या जूनपर्यंत ठेवणं स्वस्त पडतं. सगळेच तसं करत. यात एक गृहीत लपलेलं होतं: पुढचा जून येणारच.

२०२०

तो आला नाही. २०२० च्या सुरुवातीला साथीमुळे सीमा बंद झाली. मग गलवानला भारत आणि चीनच्या सैनिकांत १५ जूनची चकमक झाली आणि साथ ओसरल्यावरही खिंड उघडायचं राजकीय कारण उरलं नाही. पुन्हा तीच गोष्ट: गलवान लडाखमध्ये, कुलूप लिपुलेखला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तकलाकोटला ठेवलेला माल तिथंच अडकला. त्या मालाची भरपाई देणारी, तो बाहेर काढण्यासाठी एकदा जाऊ देणारी किंवा निदान त्याची दोन्ही सरकारांनी मान्य केलेली यादी करणारी तरतूद व्यापाराच्या व्यवस्थेत नव्हती. गूळ पाच वर्षं टिकत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं २०२० चं नुकसान सीमा बंद झाल्यानं जेवढं झालं, त्याहून जास्त बंद होण्याचे नियमच नसल्यानं झालं.

त्याच वर्षी ८ मे रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी धारचुला ते लिपुलेख या सुमारे ८० किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन केलं. खिंडीजवळचे शेवटचे काही किलोमीटर तेव्हा व्हायचे होते. व्यापाऱ्यांनी दशकानुदशकं मागितलेला रस्ता आला तो व्यापार थांबलेला असताना. रस्त्यामागची प्रेरणा सैन्याची आणि यात्रेची होती, व्यापार हा त्याचा दुय्यम लाभ. खेचरवाल्यांचं काम यात एकदम उतरलं. गॅस, सिमेंट, औषधं मात्र गुंजीत वेळेवर पोचू लागली आणि काही घरांची छपरं पुन्हा दुरुस्त झाली.

रिकामी जागा भरली पर्यटनानं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान मोदी पार्वतीकुंड आणि गुंजीला येऊन गेले, त्यानंतर आदी कैलास आणि ओम पर्वत पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढली. महाराष्ट्रातूनही गट येतात. धारचुल्याला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, काढायचं, गाडीनं गुंजी, मुक्काम घरगुती निवासात. पैसा येतो आणि तो थेट गावात येतो, हे चांगलंच आहे. पण त्याचा हंगाम व्यापाराचाच आहे, धोका त्याच दरडींचा आहे, आणि परमिट कधी बंद करायचं हेही सीमेवरच्या वातावरणावर ठरतं. शिवाय यात विणकामाला आणि जनावरांना फारसं काम नाही. उत्तराखंड सरकार आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांच्यात सीमेवरच्या गावांकडून मेंढ्या-बकऱ्या, कोंबड्या आणि मासे विकत घेण्याचा करार २०२४ मध्ये झाला. तो नीट राबवला गेला तर कळपांना खिंडीवर अवलंबून नसलेला गिऱ्हाईक मिळेल. खोऱ्यासाठी हे कदाचित रस्त्याइतकंच मोलाचं ठरेल.

एक व्यापार मात्र कधीच थांबला नाही. मे-जूनमध्ये उंच कुरणांवर सापडणारी कीडाजडी (अळीवर वाढणारी औषधी बुरशी) किलोला लाखांत विकली जाते आणि तिचं गिऱ्हाईक चीनच आहे. ती सीमाव्यापाराच्या यादीत नाही. म्हणून ती दलालांच्या हातून, बरीचशी नेपाळमार्गे जाते. गोळा करणाऱ्याला अंतिम भावाचा लहान हिस्सा मिळतो, वनपंचायतीला आणि सरकारला त्याहून कमी. कायदेशीर रस्ता बंद ठेवल्यानं चीनशी व्यापार थांबतो हा समज इथं टिकत नाही.

तिसरा शेजारी

१८१६ च्या सुगौली तहानं काली नदी ही सीमा ठरली, पण नदीचा उगम कोणता यावर मतभेद आहे. भारत कालापानीकडचा प्रवाह धरतो, नेपाळ लिंपियाधुराहून येणारी कुटी यांक्ती. नेपाळचं म्हणणं धरलं तर लिपुलेखच नव्हे, गुंजी, नाबी आणि कुटीही त्याच्या नकाशात जातात. मे २०१५ मध्ये भारत-चीनच्या संयुक्त निवेदनात लिपुलेखचा उल्लेख आला तेव्हा काठमांडूनं निषेध केला. रस्त्याच्या उद्घाटनानंतर २० मे २०२० रोजी नेपाळनं नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये तो राज्यघटनेत घातला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतानं उत्तर दिलं की लिपुलेखमधून व्यापार १९५४ पासून चालत आला आहे आणि नेपाळचे दावे ऐतिहासिक पुराव्यांवर टिकत नाहीत.

या वादाचा भार सर्वांत जास्त छांगरू आणि तिंकरवर पडतो. त्यांच्या गावांकडची सोयीची वाट भारताच्या बाजूनं जाते आणि गर्ब्यांगजवळच्या सीतापुलावरून पलीकडे उतरते. पूल बंद झाला की हिवाळ्यात दार्चुल्याला (धारचुल्यासमोरचं नेपाळातलं गाव) उतरलेली घरं उन्हाळ्यात वर जाऊ शकत नाहीत. त्यांचाही तकलाकोटशी तिंकर खिंडीतून जुना व्यापार आहे. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. लिपुलेखच्या व्यापाराची वाटाघाट मात्र दिल्ली आणि बीजिंग या दोघांतच होते आणि पलीकडच्या ब्यांसींना त्यात जागा नाही. सीमेचा वाद सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. सीतापूल हंगामात उघडा ठेवणं आणि दोन्ही काठांच्या ब्यांसींना एकाच प्रकारचा हंगामी पास देणं हे जिल्हा पातळीवर, दाव्यांना धक्का न लावता करता येतं.

पुन्हा सुरू करताना काय लागेल

नुसत्या घोषणेनं जुने व्यापारी परतणार नाहीत. १९९२ मध्ये परतलेल्यांत १९६२ पूर्वीची वाट चाललेले म्हातारे होते. त्यांना खिंड, भाषा आणि पलीकडच्या घरांची नावं माहीत होती. ती पिढी आता नाही. तकलाकोटही बदललं आहे. २०२३ च्या अखेरीस तिथं विमानतळ झाला आणि चिनी घाऊक माल आणखी जवळ आला.

पहिलं काम २०१९ च्या अडकलेल्या मालाचं. कुणाचा, कुठल्या खोलीत, काय टिकलं, काय सडलं, भाडं किती थकलं, याची दोन्ही बाजूंच्या सह्यांची यादी पहिल्याच हंगामात व्हायला हवी. त्याच्याच जोडीला बंदची अट लिहून घ्यावी: कोणत्याही कारणानं खिंड बंद झाली तर नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याला माल हलवायला किमान एक ठरावीक मुदत, किंवा भरपाई. यासाठी गुंजीला आणि तकलाकोटला दोन्हीकडे गोदामाची पावती देणारी व्यवस्था लागेल. पावती असेल तर बँक त्यावर कर्ज देऊ शकते आणि विमा कंपनी हप्ता ठरवू शकते. आज दोन्ही गोष्टी होत नाहीत, कारण तकलाकोटच्या खोलीतल्या गुळाचा कागदच नाही.

हंगामाच्या तारखा दरवर्षी नव्यानं जाहीर करण्याऐवजी निदान तीन वर्षांसाठी आधी ठरवाव्यात आणि पास मार्चअखेर द्यावेत, कारण खरेदी एप्रिलमध्ये सुरू होते. जूनमध्ये हातात आलेल्या पासावर कुणी उधारी देत नाही. यादीत तयार कपडे, पादत्राणं आणि विणकरांच्या वस्तू यांना स्पष्ट जागा हवी. गुंजीत जनावरं वेगळी ठेवायची साधी शेड आणि हंगामात एक पशुवैद्य नेमला तर तिबेटी मेंढ्या पुन्हा येऊ शकतात. मात्र आता रस्ता असल्यानं मोठे ठेकेदार हल्द्वानीहून ट्रकनं थेट गुंजी गाठतील. पास स्थानिक रहिवाशालाच आणि प्रत्येक पासावर मालाची कमाल मर्यादा, हे राखलं नाही तर ब्यांसच्या खिंडीतला व्यापार चालू होईल आणि ब्यांसच्या हातात फक्त हमाली उरेल. ही मर्यादा ठरवताना धारचुल्याच्या व्यापारी संघटनेला आणि सात गावांच्या पंचायतींना बोलावणं भाग आहे. हंगाम जूनचा धरला तर ती बैठक आदल्या हिवाळ्यात, गावं खाली धारचुल्याला असतानाच, घ्यावी लागेल.